पेशंट उचलण्याआधी: कॅज्युअल्टीत आणि अ‍ॅम्ब्युलन्सवर नव्याने रुजू झालेल्यांसाठी

कॅज्युअल्टीत नवीन आलेल्या मुलामुलींना बीपी घ्यायला, इसीजीच्या वायरी लावायला, सलाईन चढवायला कुणी ना कुणी शिकवतं. पेशंट उचलायला कुणीच शिकवत नाही. ‘धरा, उचला, ठेवा’, त्यात काय शिकायचं, असाच सगळ्यांचा समज असतो. मग वर्षभरात कुणाची कंबर धरते, कुणाच्या हातून ट्रॉली आणि बेडच्या फटीत पेशंट घसरतो, आणि खुब्याचं हाड मोडलेल्या आजी एक्स-रेच्या टेबलावर जाईपर्यंत चार वेळा किंचाळतात.

मी सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. खाली लिहिलंय त्यातलं बरंचसं मी आमच्या जुन्या मामा-मावशींकडून, म्हणजे वॉर्डबॉय आणि आयांकडून शिकले. ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं त्याच्याशी नंतर ताडून पाहिलं, आणि जिथे दोघांचं जमलं नाही तिथे ट्रेनिंगचं ऐकलं. हा लेख वॉर्डबॉय, आया, नर्सिंगचे विद्यार्थी, अ‍ॅम्ब्युलन्सवरचे मदतनीस अशा सगळ्यांसाठी आहे. डॉक्टर समोर असतील तेव्हा त्यांचं म्हणणं शेवटचं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. उचलणं हा शेवटचा उपाय. पेशंट स्वतः सरकू शकतो का? चादरीवरून ओढता येईल का? कुशीवर वळवून खाली फळी सरकवता येईल का? या तिन्हींचं उत्तर ‘नाही’ आलं तरच हातावर उचलायचं.

१. हलवायचंच आहे का, आणि किती घाईने?

आग, धूर, पाणी, गॅसगळती, भरधाव रस्ता, ढासळणारी भिंत असं काही असेल तर पेशंटला लगेच बाहेर काढायचं. मणक्याची काळजी तेव्हा दुसऱ्या नंबरवर. दोन्ही खांद्यांजवळचे कपडे मुठीत धरा, डोकं तुमच्या दोन मनगटांमध्ये येऊ द्या आणि शरीराच्या रेषेत, डोक्याच्या दिशेने सरळ मागे ओढत न्या. आडवं किंवा तिरकं ओढू नका. विजेचा झटका असेल तर मेन स्विच बंद होईपर्यंत पेशंटला हातच लावायचा नाही.

ज्याला रक्तस्राव होतोय किंवा ज्याचं दुखणं जागेवर आवरणारं नाही, त्याला पटकन हलवायचं, पण पद्धतशीर. आणि बाकी सगळ्यांच्या बाबतीत आपल्याकडे दोन-चार मिनिटं असतात. बहुतेक पेशंट या तिसऱ्या गटातलेच असतात. आपण मात्र सगळ्यांशी आग लागल्यासारखं वागतो.

नेमकी उलटी चूक होते ती हृदय बंद पडलेल्या माणसाच्या बाबतीत. माणूस प्रतिसाद देत नाही, नीट श्वास घेत नाही, म्हणून चौघं त्याला उचलून रिक्षात घालायला धावतात. त्या धावपळीत छातीवर एकही दाब पडत नाही. असा माणूस जिथे पडलाय तिथेच, कडक जमिनीवर, सीपीआर, म्हणजे छातीवर दाब देणं, सुरू करायचा: मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटिमीटर खोल. एकाने १०८ला फोन लावायचा. जागाच अडचणीची असेल, म्हणजे बाथरूम किंवा कपाट आणि पलंगाच्या मधली बोळ, तर ओढत हॉलमध्ये आणा आणि तिथे सुरू करा. एवढंच हलवणं पुरे.

२. हाताशी काय हवं

- पायावरची किंवा चाकाची ट्रॉली. ब्रेक चालतो का, कठडे वर राहतात का, हे ड्यूटी सुरू होतानाच बघा.
- स्कूप स्ट्रेचर. मधून उभा उघडतो, दोन अर्धे दोन बाजूंनी पेशंटच्या खाली सरकतात. माझ्या मते दवाखान्यात सगळ्यात कमी वापरलं जाणारं चांगलं साधन हेच.
- स्पाइन बोर्ड (मणका सरळ ठेवणारी कडक फळी), त्याचे पट्टे आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंचे ठोकळे.
- वेगवेगळ्या मापांच्या सर्व्हायकल कॉलर, म्हणजे मानेचे पट्टे.
- कापडी किंवा रेक्झिनचं मऊ स्ट्रेचर, सहा-आठ हँडलवालं. जिन्यासाठी याला तोड नाही.
- जाड सुती चादरी, निदान दोन. जुनी झिरझिरीत चादर नेमकी मधोमध फाटते.
- ब्लँकेट, उशा, रुंद पट्ट्या किंवा ओढण्या, मोठी कात्री, टॉर्च, ग्लोव्हज.
- ऑक्सिजन सिलिंडर आणि त्याची चावी. चावी सिलिंडरलाच दोरीने बांधून ठेवा.

पायात मागे पट्टा असलेले, न घसरणारे बूट हवेत. स्लीपर घालून जिना उतरणाऱ्याला मी पेशंटला हात लावू देत नाही, मग तो कितीही जुना असो. अंगठ्या आणि घड्याळ काढा, पेशंटची कातडी सोलते. ओळखपत्राची गळ्यातली दोरी खिशात घाला, वाकलात की ती पेशंटच्या तोंडावर लोंबते. हिपॅटायटिस बीच्या लसीचे तिन्ही डोस (पहिला, महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा) झाले नसतील तर आजच सिस्टर इन्चार्जना सांगा.

३. आपली कंबर

अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणारी नायॉश नावाची सरकारी संस्था आहे. सगळी परिस्थिती अनुकूल असताना एका माणसाने जास्तीत जास्त २३ किलो उचलावं, असं तिचं गणित सांगतं. पण पेशंट म्हणजे पोतं नव्हे. तो हलतो, घाबरतो, हात टाकतो, आणि आपण वाकलेले असतो. म्हणून पेशंटसाठी हीच मर्यादा १६ किलो धरली जाते. साठ किलोच्या माणसाला चौघांनी उचललं तर वाट्याला पंधरा येतात. दोघांनी उचललं तर तीस. ‘दोघं पुरेत’ असं कुणी म्हणालं की हा हिशोब आठवा.

शिवाय वजन सारखं वाटलं जात नाही. डोक्यापासून कमरेपर्यंतचा भाग निम्म्याहून बराच जड असतो, म्हणून दणकट माणसं खांद्याच्या बाजूला. उंचीने जोड्या लावा, सहा फुटी माणसासमोर पाच फुटी उभा राहिला तर स्ट्रेचर कायम तिरका.

उभं राहण्याची पद्धत एकदा अंगात भिनवून घ्या. पावलं खांद्याएवढी फाकवलेली, एक थोडं पुढे. गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा. पेशंटला अंगाजवळ घ्या, हात लांब ठेवून उचलू नका. तळवे वरच्या दिशेने, पूर्ण मूठ आवळून. वळायचं असेल तर पावलं टाकत वळा. पाय जमिनीत रोवलेले आणि कमरेतून पीळ, यातच मणक्याची चकती सरकते. बेडची उंची कमी-जास्त होत असेल तर आपल्या कमरेपर्यंत आणा. तो हँडल फिरवायला दहा सेकंद लागतात, पण आमच्याकडेही अजून निम्मे लोक फिरवत नाहीत.

कमरेला पट्टा बांधला की जास्त वजन उचलता येतं, हा गैरसमज आहे. माणसं वाढवा.

४. हुकूम एकाचाच

डोक्याशी जो उभा असेल तो सांगेल, बाकीचे ऐकतील. तिथे डॉक्टर असोत की मामा. डोक्याशी असलेल्यालाच पेशंटचा चेहरा, श्वास आणि मान तिन्ही दिसतं.

उचलण्याआधी त्याने मोठ्याने तीन गोष्टी सांगायच्या: कुठून कुठे जायचंय, कुठल्या बाजूने वळायचंय, आणि मोजणी कशी. ‘एक, दोन, तीन’ म्हटल्यावर काही जण तीनला उचलतात, काही तीननंतर. अर्ध्या सेकंदाचा हा फरक मोडलेल्या हाडाला चांगला कळतो. आमच्याकडे ‘एक, दोन, तीन, चला’ असं ठरलंय आणि ‘चला’ला हालचाल होते. तुम्ही काहीही ठरवा, पण आधी ठरवा. ‘थांबा’ हा शब्द मात्र कुणीही उच्चारू शकतो, आणि तो ऐकला की सगळ्यांनी थांबायचं.

पेशंट शुद्धीत असेल तर त्यालाही सांगा. “आजी, आता चादरीसकट तुम्हाला या गादीवर घेणार आहोत. हात छातीवर ठेवा, कशालाही धरू नका. थोडं दुखेल.” न सांगता उचललं तर माणूस आधारासाठी पहिली हाताला लागेल ती गोष्ट पकडतो. बहुतेक वेळा तुमची मान.

नातेवाइकांना हाकलू नका, कामाला लावा. एकाने दार धरायचं, एकाने लिफ्ट अडवून ठेवायची, एकाने फाईल. हात रिकामे राहिले की सल्ले सुरू होतात.

५. मानेला किंवा मणक्याला मार असेल तर

उंचावरून पडलेला, गाडीवरून फेकला गेलेला, मान किंवा पाठ दुखते म्हणणारा, हातापायाला मुंग्या किंवा बधिरपणा असलेला, आणि अपघातानंतर शुद्धीत नसलेला. या सगळ्यांचा मणका मोडला आहे असं धरूनच चालायचं.

रस्त्यावर होतं ते असं: दोघं हात धरतात, दोघं पाय, टांगाटोळी करून रिक्षाच्या मागच्या सीटवर दुमडून ठेवतात. हेतू चांगलाच असतो. पण मान लोंबकळते आणि श्वासनलिका दुमडते. रक्त थांबवा, श्वास चालू राहील असं बघा, डोकं दोन हातांनी स्थिर धरा आणि १०८ची गाडी येऊ द्या. पोलिसांच्या भानगडीत पडायला नको म्हणून घाईने उचलून मोकळं होणाऱ्यांना सांगा की मदत करणाऱ्याला आता कायद्याचं संरक्षण आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६मध्ये ते मान्य केलं आणि २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलमच आलं. नाव सांगण्याची सक्तीही नाही.

कुशीवर वळवणं, म्हणजे लॉगरोल, पाच जणांचं काम. पहिला डोक्याशी: दोन्ही तळवे कानांच्या बाजूंनी, बोटं खांद्यांकडे, आणि हुकूम त्याचा. दुसरा खांदा आणि खुब्याला, तिसरा कंबर आणि मांडीला, चौथा पायांना. दुसऱ्या-तिसऱ्याचे हात एकमेकांना ओलांडून असावेत, म्हणजे धड एकसंध वळतं. तिघंही एकाच बाजूला आणि पेशंटला स्वतःकडे वळवायचं. पाचवा पलीकडून पाठ बघतो, कपड्यातली काच-खडे काढतो आणि बोर्ड सरकवतो. नाक, बेंबी आणि पायांच्या अंगठ्यांची मधली जागा ही एका रेषेत राहिली पाहिजेत. डोकं मागे आणि धड पुढे गेलं तर सगळा खटाटोप वाया.

स्कूप असेल तर एवढंही वळवावं लागत नाही, दोन्ही बाजूंनी जेमतेम कलवलं की अर्धे आत जातात. कमरेच्या हाडांच्या कड्याला मार असल्याची शंका असेल तर लॉगरोल टाळाच. ते कडं वळवताना उघडलं तर आतल्या आत लिटरने रक्त जातं. अशा वेळी दुमडलेली चादर कमरेभोवती घट्ट बांधा. पँटच्या बेल्टच्या जागी नाही, त्याखाली, बाजूच्या खिशांच्या पातळीवर. मग स्कूप.

इथे नेहमी होणाऱ्या चुका:

कॉलर लावली की डोक्यावरचा हात काढतात. कॉलर मान पुरेशी धरून ठेवत नाही, पट्टे आणि ठोकळे लागेपर्यंत हात राहिलाच पाहिजे. फार घट्ट कॉलर डोक्याला मार असलेल्या पेशंटला उलट वाईट.

पट्टे बांधताना आधी धड, शेवटी डोकं. सोडताना उलट. आधी डोकं बांधलं आणि धड सरकलं तर मान त्यावर पिळवटते.

पेशंटला उलटी आली तर फक्त तोंड वळवायचं नाही. बोर्डसकट सगळा माणूस कुशीवर. म्हणून सक्शन (तोंडातली उलटी ओढून घेणारं यंत्र) किंवा निदान कापड हाताशी हवं.

आणि सगळ्यात मोठी: बोर्डवर ठेवून विसरणं. स्पाइन बोर्ड हलवण्यासाठी आहे, झोपवण्यासाठी नाही. सीटीच्या रांगेत पेशंट तासन्‌तास त्या कडक फळीवर पडून राहतो. ज्याच्या पायांत संवेदना नाही तो तक्रारही करत नाही आणि माकडहाडावर जखम सुरू होते. डॉक्टरांना विचारून शक्य तितक्या लवकर गादीवर घ्या.

हेल्मेट दोघांनी काढायचं. एक जण खालून मान आणि जबडा धरून राहतो. दुसरा पट्टा कापतो, हेल्मेटच्या दोन्ही बाजू बाहेर ताणतो, नाक सुटावं म्हणून किंचित मागे कलवत हळूहळू काढतो. नंतर डोक्याखालच्या रिकाम्या जागेत घडी घातलेलं कापड. एकट्याने ओढून काढू नका. श्वास अडत नसेल तर जाणता माणूस येईपर्यंत राहू द्या.

शुद्धीत असलेला, दारू न प्यालेला, हातपाय नीट हलवणारा माणूस गाडीत अडकून बसला असेल तर त्याला ओढून काढण्यापेक्षा सावकाश स्वतः उतरू देणं बरं, ट्रॉली दाराला लावून. स्वतःच्या दुखण्याला तो आपल्यापेक्षा चांगला जपतो. अलीकडच्या मार्गदर्शक सूचनाही आता हेच सांगू लागल्या आहेत.

६. बाथरूममध्ये पडलेल्या आजी

हा प्रसंग तुमच्यावर येणारच. एक पाय आखूड दिसतो, पाऊल बाहेर वळलेलं, आणि हलवलं की ओरडणं. खुब्याचं हाड मोडलंय असं समजा.

घरच्यांनी तोवर काखेत हात घालून उठवून बसवायचा एक प्रयत्न केलेलाच असतो. तो पुन्हा होऊ देऊ नका. आधी फरशी कोरडी करा, नाहीतर आजींच्या शेजारी तुम्हीही पडाल. आजी पडल्या कशाने तेही विचारा: पाय घसरला, की आधी चक्कर आली, छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं? चक्कर येऊन पडल्या असतील तर मोडलेलं हाड ही दुय्यम गोष्ट असू शकते.

दोन पायांमध्ये उशी किंवा घडी घातलेलं ब्लँकेट ठेवा. मोडलेला पाय आहे त्या स्थितीत, सरळ करायला न जाता, चांगल्या पायाला रुंद ओढण्यांनी दोन-तीन ठिकाणी बांधा. गाठ चांगल्या पायाच्या बाजूला. मग स्कूप. तो नसेल तर चादर लांबीत दुमडून पाठीशी ठेवा, आजींना चांगल्या बाजूवर जेमतेम एवढं कलवा की चादर खाली सरकेल, आणि पलीकडून ती ओढून घ्या. चादरीच्या कडा आत गुंडाळत अंगाजवळ आणून धरा, टोकं धरून झोका करू नका. बाथरूमचा उंबरठा ओलांडून हॉलपर्यंत चादरीवरून ओढत आणा, उचलायचं ते मोकळ्या जागेत. अंगावर एक चादर पांघरा, ओल्या कपड्यांत आजी कुडकुडतात आणि चार पुरुष भोवती उभे असतात याची त्यांना लाजही वाटते.

७. जिना

गिरगाव-लालबागच्या चाळी, पुण्याच्या पेठांतले उरलेसुरले वाडे, आणि लिफ्ट आहे पण त्यात ट्रॉली आडवी मावत नाही अशा असंख्य इमारती. आपल्याकडचं निम्मं काम जिन्यावरच होतं.

आधी रिकाम्या हाताने जिना उतरून बघा. वळण कुठे, दिवा लागतो का, कठडा हलतो का, लाकडी पायरी कुठे दबते. माळ्यावरच्या सायकली, कुंड्या आणि चपलांचं स्टँड कुणाकडून तरी बाजूला करून घ्या. पेशंटला अधांतरी धरून ‘अहो, ती सायकल घ्या’ म्हणणं बरोबर नाही.

बसू शकणाऱ्याला खुर्चीवरून न्या. श्वास लागलेला असेल, छातीत दुखत असेल तर खुर्चीच. आणि छातीत दुखणाऱ्याला ‘चालवत नेऊ, दोनच मजले आहेत’ असं घरचे म्हणतील, ऐकू नका. खुर्ची लाकडी किंवा लोखंडी, बिनचाकाची. प्लॅस्टिकची मुळीच नको, तिचे पाय फाकतात, पाठ चिरते. पेशंटला छाती आणि मांड्यांवरून चादरीने बांधा. तोंड खालच्या दिशेला. मागचा माणूस पाठीची चौकट धरून खुर्ची स्वतःकडे किंचित कलवतो, पुढचा खालून पुढचे पाय धरून उलटा उतरतो. उलटं उतरणाऱ्याच्या मागे तिसरा माणूस असलाच पाहिजे. त्याचा हात पुढच्याच्या पाठीवर किंवा पट्ट्याला, आणि तोंडाने पायऱ्या मोजायच्या: ‘आठ राहिल्या, सात, वळण आलं.’

आडवंच न्यावं लागणाऱ्याला मऊ स्ट्रेचर किंवा पट्टे बांधलेला बोर्ड. उतरताना पाय पुढे, चढताना डोकं पुढे, म्हणजे डोकं कायम वरच्या बाजूला. भार खालच्या टोकावर येतो, म्हणून जिन्यावर मात्र दणकट माणसं खाली लावा. सपाटीवर खांद्यापाशी लावायचं सांगितलं होतं, इथे ते बदलतं. बोर्डला मांड्यांवरचा पट्टा घट्ट हवा, नाहीतर पेशंट पायांकडे घसरत जातो.

पेशंटचे हात पट्ट्याच्या आत. बाहेर राहिले तर वळणावर तो घाबरून कठडा पकडतो, तुम्ही पुढे जाता, तो जागीच राहतो, आणि चौघांचाही तोल जातो. जिन्यावरचे बहुतेक अपघात मी असेच झालेले ऐकलेत.

प्रत्येक माळ्यावर थांबा, खाली ठेवा, पकड बदला, पेशंटचा रंग आणि श्वास बघा. जुन्या लाकडी जिन्यावर सगळे एकाच पायरीवर येऊ नका. सलाईन जिन्यापुरतं बंद करून कॅन्युलाला (शिरेतल्या नळीला) झाकण लावता येईल का, ते डॉक्टरांना विचारा. एक लोंबती नळी कमी झाली तरी खूप फरक पडतो.

८. कुणाला कसं ठेवायचं

दम लागलेल्याला आडवं करू नका. हृदय कमजोर होऊन फुप्फुसात पाणी भरलेला माणूस ट्रॉलीवर सपाट झोपवला की डोळ्यांसमोर निळा पडतो. पाठ उभी करून, पाय सोडून बसवा.

बेशुद्ध पण श्वास चालू, मार नाही: डाव्या कुशीवर, तोंड किंचित खाली.

पाच महिन्यांपुढच्या गर्भवतीला उताणं झोपवलं की गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीवर येतो आणि बीपी उतरतं. डावी कूस. बोर्डवर बांधलेली असेल तर उजव्या बाजूला बोर्डखाली ब्लँकेटची गुंडाळी.

अर्धांगवायू झालेल्याला लुळ्या हाताला धरून कधीही ओढू नका, खांदा निखळतो. तो हात पोटावर ठेवून मगच वळवा.

सर्पदंश झालेल्याला चालू देऊ नका, करकचून दोरी बांधू नका. दंश झालेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडासारखा फळीला बांधा. गाडी नसेल आणि मोटरसायकलच असेल तर पेशंट मधे, मागे एक धरणारा. वाट बघत बसण्यापेक्षा ते चांगलं.

लहान मूल आईच्या मांडीवर देऊन अ‍ॅम्ब्युलन्स पळवणं सर्रास चालतं. ब्रेक लागला की आईला ते धरता येत नाही. मुलाला ट्रॉलीवर पट्ट्यांनी बांधा आणि आईला पट्टा लावून शेजारी, त्याला दिसेल अशी बसवा.

९. स्ट्रेचरच नसेल तर

धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात आणि मेळघाटात आजही रस्त्यापर्यंत पेशंट झोळीतून येतो. एका बांबूला बांधलेली झोळी अरुंद पायवाटेवर फार सोयीची, दोन माणसांत भागतं. पण तिच्यात शरीर दुमडतं. म्हणून मणक्याचा, खुब्याचा आणि दम लागलेला पेशंट झोळीत नको.

दोन बांबू मिळाले तर स्ट्रेचर होतो. ब्लँकेट पसरा, एक बांबू तिसऱ्या हिश्श्यावर ठेवा, कड त्यावर दुमडा. दुमडलेल्या कडेवर, पण ती थोडी बाहेर राहील असा दुसरा बांबू ठेवा आणि उरलेलं ब्लँकेट त्यावरून पहिल्या बांबूपर्यंत आणा. पेशंटच्या वजनानेच ते आवळलं जातं, गाठ लागत नाही. किंवा खताच्या दोन-तीन रिकाम्या गोण्यांचे खालचे कोपरे कापून बांबू आरपार घाला. आधी धडधाकट माणसाला झोपवून उचलून बघा, मग पेशंटला.

१०. ट्रॉलीवरून बेडवर

ट्रॉली बेडला चिकटवा, दोन्हींचे ब्रेक लावा, आणि मांडीने ढकलून ब्रेक खरंच लागलेत का बघा. उंची सारखी, किंवा जिथून काढायचं ती बाजू बोटभर वर. मधल्या फटीवर स्लाइड बोर्ड (पेशंट सरकवायची गुळगुळीत फळी) किंवा दुमडलेलं ब्लँकेट. चादर पेशंटच्या अंगाला लागून गुंडाळून धरा. बेडच्या बाजूचे ओढतात, ट्रॉलीच्या बाजूचे ढकलतात. एकाच दमात पलीकडे न्यायच्या भानगडीत पडू नका: आधी ट्रॉलीच्या कडेपर्यंत, थांबा, मग बेडवर.

हलवण्याआधी नळ्या बोट ठेवून मोजा: सलाईन, ऑक्सिजन, युरिन बॅग, नाकातली नळी, छातीतली नळी, मॉनिटरच्या वायरी. युरिन बॅग आधी रिकामी करा आणि मूत्राशयाच्या खाली ठेवा, पोटावर ठेवली तर लघवी उलटी जाते. छातीतल्या नळीची बॅग छातीच्या खाली, उभी, आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय चिमटा लावायचा नाही.

अ‍ॅम्ब्युलन्समधून ट्रॉली बाहेर काढताना चाकं खाली पडून ‘खट्ट’ आवाज आल्याशिवाय पुढचा दांडा सोडू नका. बोटं सांध्यात नकोत.

११. दुसऱ्या दवाखान्यात नेताना

कागद: रेफर चिठ्ठी, केसपेपरची प्रत, एक्स-रे व सीटीच्या फिल्म, दिलेल्या औषधांची वेळेसकट नोंद, पोलीस केस असेल तर एमएलसी (मेडिको-लीगल केस) नंबर, रक्तगटाचा रिपोर्ट. घरच्यांना पेशंटचं आधार आणि रेशनकार्ड घ्यायला सांगा, महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी तिकडे पहिल्या तासात तेच मागतात. तिकडे बेड आहे का, हे निघण्याआधी फोनवर, आणि कुणाशी बोललात त्याचं नाव चिठ्ठीवर.

ऑक्सिजनचा हिशोब तोंडी करता यायला हवा. बी टाइप सिलिंडर पाण्याच्या मापाने साधारण १० लिटरचा. काटा १५०वर असेल तर अंदाजे १,५०० लिटर, म्हणजे मिनिटाला १० लिटरने अडीच तास. काटा ५०वर असेल तर पन्नास मिनिटं. घाट, ट्रॅफिक आणि दारातली वाट पाहणं धरून लागेल त्याच्या दुप्पट घ्या.

१२. ठेवून झाल्यावर

प्रत्येक हालचालीनंतर पुन्हा बघायचं: श्वास, नाडी, रंग, शुद्ध, सलाईन चालू आहे का, रक्तस्राव पुन्हा सुरू झाला का, हातापायाची बोटं पूर्वीसारखी हलतात का. हलवण्याआधी बोटं हलत होती आणि आता हलत नाहीत, हे लगेच डॉक्टरांना सांगायचं, ‘राऊंडला सांगू’ नाही. कठडे वर करा, मग हात धुवा.

ट्रॉलीवर रक्त असेल तर आधी कागदाने टिपा, १ टक्का हायपोक्लोराइट (जंतुनाशक) दहा मिनिटं राहू द्या, नंतर साध्या पाण्याने पुसा, नाहीतर लोखंड गंजतं आणि ब्रेक अडकायला लागतात. कंबर दुखली तर त्याच दिवशी रजिस्टरला नोंद करा. पट्टे मोजून परत जागी ठेवा, त्यातले निम्मे नेहमी एक्स-रे विभागात राहिलेले असतात. आणि स्कूपचे दोन्ही अर्धे एकाच जोडीचे आहेत ना, हे हातात काम नसताना एकदा जोडून बघा. दोन कंपन्यांचे अर्धे एकमेकांत बसतीलच असं नाही, आणि ते नेमकं रात्री तीनला कळतं.